आकडा वाचता आला पाहिजे

गुरुत्वीय लहरींचा वेध घेणारी लायगो-इंडिया ही वेधशाळा आमच्या हिंगोली जिल्ह्यात, औंढा नागनाथ तालुक्यातल्या दुधाळा परिसरात उभी राहणार आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने फेब्रुवारी २०१६ मध्ये तिला तत्त्वतः मान्यता दिली. एप्रिल २०२३ मध्ये सुमारे २,६०० कोटी रुपयांचा खर्च मंजूर झाला आणि काम पूर्ण करण्यासाठी २०३० हे साल ठरले. तेव्हापासून चहाच्या टपरीपासून सभेच्या मंचापर्यंत जी चर्चा ऐकतो, ती जमीन, रस्ते आणि पर्यटनाची असते. ती व्हायलाच हवी. पण या वेधशाळेचा प्राण ज्या एका विद्येत आहे, त्या विद्येचे नावही या चर्चेत कधी येत नाही. ती विद्या आहे वारंवारिता राखण्याची: एखादे कंपन सेकंदाला जितक्या वेळा व्हायला हवे तितक्याच वेळा, उन्हाळ्यात आणि हिवाळ्यात, आज आणि पाच वर्षांनी, होत राहील याची काळजी घेण्याची.

मी नरसी नामदेवचा. आयुष्यभर आयटीआयत इलेक्ट्रॉनिक्स मेकॅनिक या व्यवसायाचा शिल्पनिदेशक होतो. निवृत्त झाल्यावर गावी आलो. अजूनही आसपासच्या गावांतले दुरुस्तीवाले, त्यांतले बरेचसे माझेच विद्यार्थी, हातात एखादे सर्किट बोर्ड घेऊन ओसरीवर येतात. त्यांच्या बाजूने मला आज एक मागणी मांडायची आहे. क्रिस्टल ऑसिलेटर आणि वारंवारिता-नियंत्रण यांची परिभाषा मराठीत, आकड्यांसह, समजावून सांगणारे शिक्षण या जिल्ह्यात वेधशाळेच्या आधी आले पाहिजे.

हा विषय गावापासून दूरचा वाटेल, म्हणून आधी तो किती जवळचा आहे ते सांगतो. भिंतीवरच्या सेलच्या घड्याळात धातूची एक बारीक नळकांडी असते. तिच्या आत क्वार्ट्झचा, म्हणजे आपल्या शेतात सापडणाऱ्या गारगोटीच्याच जातीच्या खनिजाचा, दोन पायांच्या चिमट्यासारखा कापलेला सूक्ष्म तुकडा असतो. फरक एवढाच, की गारगोटी ही असंख्य बारीक कणांची गोळी असते, तर ऑसिलेटरला एकसंध स्फटिक लागतो. असा स्फटिक आता कारखान्यात पोलादी भांड्यात, प्रचंड दाबाखालच्या गरम पाण्यात, आठवडेच्या आठवडे वाढवतात. क्वार्ट्झवर दाब दिला की विजेचा भार तयार होतो, हे झाक आणि पिएर क्युरी या भावांनी १८८० मध्ये दाखवले. उलटही खरे: वीज दिली की तो किंचित आकसतो, प्रसरण पावतो. हा गुण वापरून वॉल्टर केडी यांनी १९२१ मध्ये क्रिस्टल ऑसिलेटर केला, १९२७ मध्ये अमेरिकेत वॉरन मॅरिसन आणि हॉर्टन यांनी क्वार्ट्झचे घड्याळ केले आणि १९६९ च्या नाताळात सेइको कंपनीने क्वार्ट्झचे मनगटी घड्याळ विकायला काढले.

आपल्या भिंतीवरचा तो चिमटा सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरतो. हा आकडा मुद्दाम निवडलेला आहे. दोनाला दोनाने गुणत पंधरा दोन गुणले की तो येतो. त्यामुळे आतली चिप त्याला पंधरा वेळा निम्मे करते आणि नेमका एक ठोका हाती येतो. आता लायगोकडे पाहा. लायगोच्या वेधयंत्रातून निघणाऱ्या मुख्य संकेताची नोंद सेकंदाला १६,३८४ वेळा होते. घड्याळाच्या आकड्याच्या बरोबर निम्मी. तिथल्या कालमापन यंत्रणेतले क्रिस्टल ऑसिलेटर ६,७१,०८,८६४ हर्ट्झचे आहेत, म्हणजे घड्याळाच्या आकड्याच्या २,०४८ पट. दोनाचेच घात, तीच पद्धत. दहावी झालेल्या मुलाला कागद-पेन्सिल दिली तर तो हा हिशेब करू शकतो. एवढ्या मोठ्या यंत्रात शिरायचा दरवाजा त्याच्या घरातल्या भिंतीवरच टांगलेला आहे. फक्त तो दरवाजा आहे हे त्याला कुणी सांगत नाही.

लायगोला वेळेची एवढी पडलेली का असते, तेही समजून घ्यायला हवे. १४ सप्टेंबर २०१५ रोजी पहिली गुरुत्वीय लहर सापडली, तेव्हा ती अमेरिकेतल्या लिव्हिंग्स्टनच्या यंत्रात आधी उमटली आणि सुमारे सात मिलिसेकंदांनी, तीन हजार किलोमीटरवरच्या हॅनफर्डच्या यंत्रात. लहर आकाशाच्या कोणत्या बाजूने आली, याचा अंदाज मुख्यतः अशा फरकांवरूनच बांधतात. औंढ्याचे यंत्र या जाळ्यात आले की पृथ्वीच्या पार दुसऱ्या बाजूचा एक बिंदू मिळेल आणि दिशा कितीतरी नेमकी सांगता येईल. पण त्यासाठी औंढ्याचे घड्याळ आणि हॅनफर्डचे घड्याळ मायक्रोसेकंदाच्या, म्हणजे सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाच्या, आसपास जुळलेले हवे. शिवाय चार-चार किलोमीटरच्या दोन भुजांमधून धावणारा लेझर ताब्यात ठेवण्यासाठी त्याच्यावर ९ आणि ४५ मेगाहर्ट्झच्या आसपासची कंपने चढवावी लागतात. ती कंपने ज्या ऑसिलेटरमधून येतात, तो कमालीचा शांत असावा लागतो. प्रोटॉनच्या हजाराव्या भागाइतकी हालचाल मोजायला निघालेल्या यंत्राला ऑसिलेटरची बारीकशी चुळबुळही सोसत नाही. ही शास्त्रज्ञांची गणिते आहेत हे खरे. पुण्याच्या आयुकात संजीव धुरंधर यांच्यासारख्यांनी लहरींचा संकेत गोंगाटातून वेचून काढण्याच्या पद्धतींवर कितीतरी वर्षे आधी काम सुरू केले होते. पण यंत्र उभे राहिल्यावर त्याच्या ऑसिलेटरांची तपासणी, केबलची जोडणी, खोलीच्या तापमानाची नोंद, बिघडलेला भाग काढून दुसरा बसवणे, ही कामे तंत्रज्ञांची असतात. ते तंत्रज्ञ कुठून येणार, हा माझा प्रश्न आहे.

आमच्या भागातल्या माणसांना या कामाचे हात नाहीत, असे कुणी म्हणू नये. परभणी आकाशवाणी मध्यम लहरींवर १३०५ किलोहर्ट्झला लागायची. रेडिओत ते स्टेशन लावले की आतला ऑसिलेटर १७६० वर थरथरत असे, कारण दोहोंतला फरक ४५५ किलोहर्ट्झ ठेवावा लागतो. शाळा अर्धवट सोडलेले रेडिओ मेकॅनिक हे काम कानाने करायचे आणि ते नेमके जुळायचे. रंगीत टीव्ही आले तेव्हा ‘कलर क्रिस्टल’ हा शब्द दुकानादुकानांत रुळला. चित्र काळे-पांढरे झाले की ४.४३ मेगाहर्ट्झच्या त्या क्रिस्टलकडे मेकॅनिकचा हात आपोआप जायचा. रिमोट हातातून पडला आणि चालेनासा झाला तर ‘चारशे पंचावन्न बदल’ हे तालुक्याच्या गावातला पोऱ्याही सांगायचा. मोबाइल दुरुस्त करणारी आजची मुले नेटवर्क गेले की २६ मेगाहर्ट्झचा क्रिस्टल तपासतात. वारंवारिता हा आमच्या हातांचा रोजचा विषय आहे. त्यासाठीचे शब्दही आमच्या तोंडी आहेत.

मग उणे काय आहे? वारंवारितेचा आकडा आम्हाला वाचता येतो. त्याच्या खालचे आकडे वाचता येत नाहीत. क्रिस्टलच्या माहितीपत्रकात पहिली ओळ वारंवारितेची असते. तिच्याखाली टॉलरन्स, स्टॅबिलिटी, एजिंग, लोड कपॅसिटन्स, ड्राइव्ह लेव्हल, तापमानाची कक्षा, अशा आठ-दहा ओळी असतात. घड्याळ बरोबर चालेल की नाही, हे त्या ओळींत लिहिलेले असते आणि त्याच ओळी आम्ही ओलांडून जातो.

एका शाळेतल्या घंटेच्या यंत्राची गोष्ट सांगतो. तास बदलला की आपोआप घंटा वाजवणारे ते यंत्र बंद पडले. माझ्या एका विद्यार्थ्याने ते उघडले, क्रिस्टल मेलेला आहे हे अचूक ओळखले आणि बाजारातून ३२.७६८ किलोहर्ट्झचा नवा क्रिस्टल आणून बसवला. यंत्र सुरू झाले. महिनाभराने घंटा चार मिनिटे आधी वाजू लागली. तो ओसरीवर आला आणि म्हणाला, “सर, क्रिस्टल नवाच टाकलाय, नंबर बी तोच है, मग घड्याळ पुढं का पळायलंय?” मी म्हणालो, “नंबर तोच आहे रे, पण त्याला भार कितीचा हवा ते बघितलंस का?” त्या बोर्डावर ६ पिकोफॅरड भाराचा क्रिस्टल होता आणि बाजारात सहज मिळतो तो १२.५ चा. क्रिस्टलच्या दोन्ही पायांशी जे कपॅसिटर असतात, त्यांचा एकत्रित भार क्रिस्टलला दिसतो आणि त्या भारावर त्याची वारंवारिता किंचित सरकते. १२.५ वर जुळवलेल्या क्रिस्टलला ६ चाच भार मिळाला की तो दहा लाखांत शंभरच्या आसपास जास्त वेगाने थरथरतो. म्हणजे दिवसाला आठेक सेकंद आणि महिन्याला चार मिनिटे. मुलगा हुशार होता, हात चोख होता, सुटा भाग अस्सल होता. एका ओळीचा अर्थ तेवढा त्याला कुणी शिकवलेला नव्हता. तो समजायला त्याला दहा मिनिटे लागली आणि नंतर त्याने दोन जादा कपॅसिटर जोडून घंटा वेळेवर आणली.

ही दहा मिनिटे अभ्यासक्रमात का नसावीत? माझा अनुभव असा की लोड कपॅसिटन्सची व्याख्या मुले पाठ करतात. परीक्षेत चार पर्यायांतून योग्य पर्यायावर खूण करतात. पण भार कमी पडला तर घड्याळ पुढे जाईल की मागे, हे विचारले की वर्ग गप्प होतो. व्याख्या त्यांच्या डोक्यात इंग्रजी आवाजाने राहते. तिचा हाताशी आणि डोळ्यांशी संबंध जुळत नाही. जी गोष्ट आपल्या भाषेत स्वतःला सांगता येत नाही, तिच्यावरून पुढचे अनुमान काढता येत नाही. वर्गात उभे राहून हे मी पुन्हा पुन्हा पाहिले आहे.

मराठीत समजावणे अवघड आहे का? नाही. पीपीएमचे उदाहरण घ्या. पीपीएम म्हणजे दहा लाखांत एक. हा शब्द आमच्या शेतकऱ्याला परका नाही. पाण्याचा टीडीएस तो पीपीएममध्येच मोजतो. त्याला एवढेच सांगायचे, की दिवसात ८६,४०० सेकंद असतात, म्हणून एक पीपीएमची चूक म्हणजे दिवसाला सेकंदाचा साधारण बारावा भाग, महिन्याला अडीच सेकंदांहून थोडे जास्त आणि वर्षाला अर्धा मिनिट. माहितीपत्रकात टॉलरन्सपुढे २० पीपीएम लिहिले असेल, तर ते घड्याळ महिन्याला पन्नासेक सेकंद मागे-पुढे होऊ शकते आणि तरीही कंपनीने दिलेला शब्द मोडलेला नसतो. हे कळलेल्या माणसाला दुकानदार फसवू शकत नाही. तो स्वतःही दुकानदारावर विनाकारण आळ घेत नाही.

स्टॅबिलिटीचा अर्थ तर मराठवाड्यात राहणाऱ्याला सर्वांत लवकर कळावा, कारण इथे तापमानच गुरू आहे. घड्याळाचा चिमटा २५ अंशांना जुळवलेला असतो. त्याहून गरम झाले तरी तो मंद पडतो आणि थंड झाले तरी मंदच पडतो. दोन्हीकडे मंदच का, हा प्रश्न मुलांना फार आवडतो. नियम असा: २५ पासून जितके अंश दूर, त्याचा वर्ग करा आणि ०.०३४ ने गुणा. येईल तितके पीपीएम घड्याळ मागे पडेल. मे महिन्यात खोलीत ४५ अंश असतील तर वीसाचा वर्ग ४००, म्हणजे १३.६ पीपीएम, दिवसाला सव्वा सेकंदाच्या जवळ. शेतातल्या मोटारीजवळचा पत्र्याचा डबा दुपारी आतून ६० अंशांना गेला, तर त्या तापमानात चूक जवळजवळ ४२ पीपीएम होते. दिवसभर तेच तापमान राहिले असते तर साडेतीन सेकंदांहून जास्त. हा हिशेब आठवीच्या गणिताचा आहे. तो कयाधू नदीकाठच्या उन्हात बसून केला की कायमचा लक्षात राहतो. जपानमधल्या किंवा जर्मनीतल्या उदाहरणांनी तो लक्षात राहत नाही.

यातूनच पुढचे शब्द ओघाने येतात. तापमानाने होणारी ही चूक मोजून, दुसऱ्या सर्किटने ती भरून काढणारा ऑसिलेटर म्हणजे टीसीएक्सओ. ती चूक होऊच नये म्हणून क्रिस्टलला छोट्या भट्टीत, एकाच तापमानाला कोंडून ठेवणारा ओसीएक्सओ. भट्टीचे तापमान बाहेरच्या सर्वांत कडक उन्हापेक्षा वर ठेवावे लागते, कारण भट्टीला तापवता येते, थंड करता येत नाही. म्हणून ते साधारण ७५-८५ अंशांना ठेवतात. बाहेरून व्होल्टेज देऊन ज्याची वारंवारिता हलकेच ओढता येते तो व्हीसीएक्सओ. लायगोत हाच वापरला जातो, कारण जीपीएसकडून येणाऱ्या ठोक्याशी त्याला सतत जुळवत ठेवायचे असते.

इथे अचूकता आणि स्थिरता या दोन गोष्टी वेगळ्या शिकवल्या पाहिजेत. रोज बरोबर पाच सेकंद पुढे जाणारे घड्याळ अचूक नाही, पण स्थिर आहे. त्याची चूक माहीत आहे, म्हणून ती वजा करता येते. आज दोन सेकंद पुढे आणि उद्या तीन मागे जाणाऱ्या घड्याळावर इलाज करणे फार कठीण. चांगला क्रिस्टल क्षणाक्षणाला स्थिर असतो, पण वर्षानुवर्षे हळूहळू सरकतो, त्यालाच एजिंग म्हणतात. जीपीएसचा ठोका क्षणाक्षणाला थोडा डगमगतो, पण वर्षभराचा हिशेब चुकू देत नाही, कारण त्याच्यामागे अणुघड्याळे असतात. दोघांना एकत्र बांधले की दोघांचे गुण मिळतात. फेज नॉइज हा शब्द मुलांना सर्वांत जड जातो. तो मी भजनावरून सांगत असे: टाळकऱ्याची लय एकूण बरोबर आहे, अभंग वेळेत संपतो, पण एकेक टाळ केसभर आधी किंवा नंतर पडतो. ऐकणाऱ्याला ती खरखर जाणवते. ऑसिलेटरच्या ठोक्यांतली अशी खरखर म्हणजे फेज नॉइज आणि लायगोच्या लेझरला तीच नको असते.

शब्द कोणते वापरायचे, यावर मी फार वेळ घालवणार नाही. मराठी विश्वकोशात कंप्रता आहे, शाळेच्या पुस्तकात वारंवारिता, दुकानात फ्रिक्वेन्सी. तिन्ही राहू द्यात. क्रिस्टल, ऑसिलेटर, पीपीएम हे शब्द बदलण्याची गरज नाही, लोकांनी ते आपले केलेले आहेत. भाषा संचालनालयाने परिभाषा कोश काढून मोठे काम केले आहे. पण कोशात एका शब्दासमोर दुसरा शब्द मिळतो. दुरुस्तीच्या टेबलावर बसलेल्या माणसाला हवे असते एक पूर्ण वाक्य, एक नेहमीचा आकडा, तो आकडा ओलांडला तर काय होते याची माहिती आणि तो मोजायचा कसा याची रीत. या चार गोष्टी मराठीत एकत्र लिहिलेले पुस्तक माझ्या विद्यार्थ्यांच्या हातात मी कधी ठेवू शकलो नाही. ते पुस्तक हवे आहे.

माझे काही सहकारी म्हणतात, “अहो सर, माहितीपत्रके इंग्रजीत आहेत, लायगोतही इंग्रजीच चालणार. मराठीचा आग्रह धरून पोरांना मागे कशाला ठेवता?” त्यांचा हेतू चांगला आहे, म्हणून उत्तर नीट देतो. इंग्रजी शिकवा, जोमाने शिकवा. माहितीपत्रक इंग्रजीतच राहील आणि ते मुलांना वाचता आलेच पाहिजे. पण वाचता येणे आणि कळणे यांच्यामधला पूल मातृभाषेचा असतो. भार कमी म्हणून वारंवारिता वर, म्हणून घड्याळ पुढे, ही साखळी एकदा मराठीत मनात बसली की इंग्रजी ओळ वाचताना मुलगा अडत नाही. साखळीच नसेल तर इंग्रजी कितीही चांगले असो, तो फक्त उच्चार करतो. २०२१ पासून महाराष्ट्रात तंत्रनिकेतनात मराठी-इंग्रजी मिळून शिकण्याची वाट खुली झाली आहे. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. या दोन्ही गोष्टींचा मला मनापासून आनंद आहे. त्या आनंदाचा उपयोग कार्यशाळेच्या टेबलापर्यंत पोचावा, एवढेच म्हणणे.

दुसरा आक्षेप असा येतो की एवढी बारीक विद्या जिल्ह्याच्या पातळीवर कशाला, ती मोठ्या संस्थांनी सांभाळावी. या देशाने याची किंमत मोजली आहे. आपल्या दिशादर्शक उपग्रहमालेतल्या पहिल्या उपग्रहावरची, आयआरएनएसएस-१ए वरची, परदेशातून आणलेली तिन्ही रुबिडियम अणुघड्याळे बंद पडली आणि उपग्रह धडधाकट असूनही त्याचा दिशा दाखवण्याचा उपयोग संपला. २९ मे २०२३ रोजी एनव्हीएस-०१ हा उपग्रह गेला, तेव्हा त्यावर अहमदाबादच्या स्पेस अ‍ॅप्लिकेशन्स सेंटरने घडवलेले भारतीय अणुघड्याळ होते. वेळ आणि वारंवारिता उसनी आणून देश चालत नाही, हे आपण तिथे शिकलो. अणुघड्याळ अहमदाबादेत घडेल. पण ते ठोके ज्या हजारो यंत्रांपर्यंत पोचतात, ती यंत्रे हिंगोली, सेनगाव, कळमनुरी, वसमत, औंढा इथे असतात आणि ती राखणारी माणसे इथलीच असावी लागतात. शेतात सौर कृषीपंप येत आहेत, घराघरांत वेळेनुसार वीज मोजू शकणारे मीटर येत आहेत. या प्रत्येक डब्यात एक क्रिस्टल आहे. त्यांतल्या बऱ्याच मीटरांचे घड्याळ दुरून दुरुस्त करण्याची सोय असते, हे मला माहीत आहे. तरीही आपल्या दारातल्या यंत्राची तापमानाची कक्षा किती, हे विचारण्याचा हक्क शेतकऱ्याला आहे आणि त्याला मराठीत उत्तर मिळायला हवे. शून्य ते ७० अंशांचा भाग आणि उणे ४० ते ८५ अंशांचा भाग यांत उघड्या माळावर फार मोठे अंतर आहे.

म्हणून माझ्या मागण्या चार आहेत आणि त्या अवास्तव नाहीत.

पहिली, जिल्ह्यातल्या शासकीय आयटीआय आणि तंत्रनिकेतनात वारंवारिता मोजण्याचे एक टेबल असावे: चांगला फ्रिक्वेन्सी काउंटर, जीपीएसच्या ठोक्याला बांधलेला एक संदर्भ ऑसिलेटर आणि क्रिस्टल गरम-थंड करून पाहण्याची साधी पेटी. छतावरच्या अँटेनातून आलेल्या ठोक्याशी आपले भिंतीवरचे घड्याळ ताडून पाहिलेला मुलगा लायगोच्या दारात गेल्यावर बावरणार नाही.

दुसरी, वर सांगितलेले पुस्तक. पन्नासेक संज्ञा पुरेत. भाषा संचालनालय, मराठी विज्ञान परिषद आणि आयुका यांनी एकत्र बसावे. त्या टेबलाभोवती दोन खुर्च्या दुरुस्ती करणाऱ्या कारागिरांसाठी ठेवाव्यात. प्रत्येक मसुदा आधी त्यांना वाचून दाखवावा. त्यांना कळला नाही तर तो पुन्हा लिहावा. आकडे मराठवाड्याच्या उन्हाचे असावेत.

तिसरी, परीक्षेतला प्रश्न बदलावा. ‘लोड कपॅसिटन्स म्हणजे काय’ याऐवजी ‘६ च्या जागी १२.५ चा क्रिस्टल बसवला, घड्याळाचे काय होईल आणि का’ असे विचारावे. उत्तर मराठीत लिहू द्यावे. परीक्षक जे विचारतो तेच वर्गात शिकवले जाते, हे मी शिक्षक म्हणून जबाबदारीने सांगतो.

चौथी, सार्वजनिक पैशातून घेतल्या जाणाऱ्या प्रत्येक यंत्रासोबत, मग तो सौरपंपाचा नियंत्रक असो की शाळेची घंटा, एक पानी मराठी माहितीपत्रक देणे निविदेतच बंधनकारक करावे. त्यात तापमानाची कक्षा, घड्याळाची हमी आणि बदलायच्या भागांचे पूर्ण आकडे असावेत.

नरसीला पंजाबातून भाविक येतात. आमच्या नामदेवांची पदे गुरू ग्रंथ साहिबात आहेत, म्हणून ते एवढ्या लांबून येतात. नामदेवांनी औंढ्यात विसोबा खेचरांकडून जे घेतले ते शिंप्याच्या, कुंभाराच्या, माळ्याच्या बोलीत सांगितले आणि पुढे पंजाबात गेले तेव्हा तिथल्या लोकांच्या बोलीत सांगितले. ज्ञान लोकांच्या बोलीत आणल्याने ते पातळ होत नाही, ते दूरवर जाते, याचा याहून मोठा दाखला आम्हाला शोधावा लागत नाही. त्याच औंढ्यात आता जगातले शास्त्रज्ञ येणार आहेत. त्यांच्याकडचे ज्ञान आमच्या मुलांपर्यंत कोणत्या बोलीत पोचणार, याची तयारी आम्हीच करायला हवी.

वेळ फार नाही. आयटीआयचा हा व्यवसाय दोन वर्षांचा, पदविका तीन वर्षांची. आज दहावीच्या वर्गात बसलेली मुले वेधशाळा सुरू होईल तेव्हा कामाला लागण्याच्या वयाची असतील. इमारत उभी राहिल्यावर प्रशिक्षणाचा विचार करू म्हटले तर ही पिढी हातची जाईल आणि बाहेरून आणलेल्या तंत्रज्ञांच्या गाड्या आमची मुले रस्त्याच्या कडेला उभी राहून पाहतील. पुस्तक लिहायला एक वर्ष पुरते, टेबल मांडायला काही लाख रुपये. २,६०० कोटींच्या प्रकल्पाशेजारी ही रक्कम मोठी नाही. जिल्हा नियोजन समितीने येत्या आराखड्यात तिच्यासाठी एक ओळ घालावी आणि पुस्तकाचे काम याच वर्षी सुरू करावे, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.